निरोपाचं तेल

आमच्या वर्कशॉपमधून कुठलंही इंजिन बाहेर पडताना त्यात शेवटचं तेल घरातल्या मोठ्या माणसानं घालायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. इंजिनात तेल भरताना कपभर मुद्दाम मागे ठेवायचं. नौकेचा तांडेल, म्हणजे तिचा कप्तान, इंजिन न्यायला आला की त्याच्यासमोर ते ओतायचं, तेल मोजायच्या काडीवरची खूण पुरी करायची आणि मग झाकण लावायचं. परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर आपण दही ठेवतो, तसंच. वडील त्याला निरोपाचं तेल म्हणतात. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण न घातलं तर तांडेल इंजिनाला हात लावत नाहीत, म्हणून घालते. निदान लोकांना मी हेच कारण सांगते.

वर्कशॉप मिरकरवाड्याला, जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर. मासेमारीच्या नौकांची डिझेल इंजिनं उघडायची, बघायची, जोडायची, हे आमचं काम. वडिलांनी चाळीस वर्षं केलं, गेली वीस वर्षं मी करते आहे. आता ते ऐंशीला आले, हात थरथरतात, पण रोज सकाळी येऊन दारातल्या खुर्चीवर बसतात आणि मी किती चुकते ते आल्यागेल्याला सांगतात. माझे यजमान जहाजावर इंजिनरूममध्ये असतात, वर्षातले आठ महिने फोनवरच भेटतात. मुलगी एकच. ती इथेच रत्नागिरीत इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या इंजिनाची ही गोष्ट.

तिच्या कॉलेजातली पंधरा-वीस मुलं-मुली मिळून दरवर्षी एक रेसची गाडी बांधतात. एकाच माणसाची, उघडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि मागे मोटरसायकलचं इंजिन. देशभरातल्या कॉलेजांच्या अशा गाड्या एका मैदानावर जमतात आणि पळतात. गेल्या वर्षी यांची गाडीही गेली होती. एका लांबलचक वळणावर इंजिनातून घंटा वाजवल्यासारखा आवाज आला आणि ते बसलं. गाडी ढकलत बाहेर आणली. इंजिनातल्या तेलाची सगळी जबाबदारी आमच्या मुलीकडे होती. कोणी तिला तोंडावर काही बोललं नाही, पण येतानाच्या बसमध्ये तिच्या शेजारची सीट रिकामी राहिली, असं तिनं मला खूप नंतर सांगितलं.

घरी आली ती बेअरिंगचा अर्धा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून. तिनं तो आजोबांच्या हातात ठेवला. नखाएवढ्या जाडीचा तो गोल पत्रा एका बाजूनं निळा-काळा पडलेला होता.

वडिलांनी चष्मा वर केला. "तेल नव्हतं."

"होतं, आबा. वरच्या खुणेपर्यंत होतं. मी स्वतः काडी बघितली."

"बाय, ही जळलेय. तेल असतं तर जळली असती काय?"

"तेल होतं, पण तेव्हा तिथे नव्हतं."

"म्हणजे फिरायला गेलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "तेच तर झालं."

मी मधे पडले नाही. बेअरिंग तेलाशिवाय जळली, हे मला दिसत होतं. काडीवर तेल होतं, ह्याबद्दल मुलगी खोटं बोलणार नाही, हेही ठाऊक होतं. दोन्ही खरं कसं, एवढंच कळत नव्हतं. पुढचे पंधरा दिवस तो तुकडा तिच्या टेबलावर पेल्यात पेन्सिली ठेवतात तसा उभा होता. त्यानंतर एका रविवारी ती म्हणाली, "आई, गाडी काढ. आबांना पण घे. आणि परात."

जेट्टीच्या मागे जाळी वाळत घालायची मोकळी जागा आहे. त्या दिवशी ती रिकामी होती. मागच्या सीटवर वडील बसले, त्यांच्या मांडीवर परात, परातीत दोन इंच पाणी. मुलगी परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ दांडा कापून घेऊन आली होती. तो तिनं वडिलांच्या हातात दिला.

"आबा, परातीच्या मधोमध टेकवा आणि पाणी ओढत राहा. आई, तू डावीकडे गोल फिरव. जोरात. आणि मी सांगेपर्यंत सरळ करू नकोस."

मी गोल फिरवायला लागले. परातीतलं पाणी उजव्या काठाला चढलं आणि तिथेच राहिलं. मध्ये पितळ उघडं पडलं. वडिलांच्या दांड्यातून फुर्रर्र असा आवाज आला.

"काय येतंय, आबा?"

"वारा येतोय! आणि पाणी माझ्या लुंगीत येतंय! थांबव गो, थांबव!"

"हेच झालं," मुलगी म्हणाली. "इंजिनाच्या चेंबरमध्ये तेल असंच परातीसारखं पसरलेलं असतं. मधे एक नळी. ती तेल ओढून पंपाला देते, पंप बेअरिंगला. लांब वळणावर तेल काठाला चढलं, नळीनं हवा ओढली. दोन-तीन सेकंद. बास."

वडील लुंगी पिळत म्हणाले, "नौका काय कमी हलते? पूर्णगडच्या बाहेर एकदा जाऊन बघ. मग आमची इंजिनं रोज जळायला हवीत."

"नौका इकडे कलते आणि लगेच तिकडे कलते. तेल जातं आणि परत येतं. शिवाय तुमचं चेंबर पिंपासारखं खोल. गाडी वळणावर तेलाला एकाच बाजूला दाबून धरते, सोडतच नाही. आणि हे इंजिन मुळात मोटरसायकलचं. मोटरसायकल वळताना स्वतः आडवी होते, म्हणून तेल तळाशीच राहतं. आमची गाडी आडवी होत नाही."

मग तिनं परात काढून घेतली आणि वडिलांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या दिला. दांडा तळापर्यंत घालायला लावला. मी पुन्हा गोल फिरवली. तांब्यातलं पाणी वर तिरकं झालं, थोडं सांडलंही, पण दांड्याच्या टोकाशी पाणी होतंच. वडील सगळं वळणभर पाणी पीत राहिले.

"कडू आहे," ते म्हणाले. पपईचा चीक. पण परातीत आणि तांब्यात काय फरक ते त्यांच्या पोटात गेलं होतं.

तर ह्याला ड्राय संप म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांत ही रचना असते. चेंबरमध्ये तेल साठवायचंच नाही. चेंबर उथळ ताटलीसारखं, वरून गळणारं तेल झेलण्यापुरतं. तिथून दोन पंप, एक डावीकडचा, एक उजवीकडचा, तेल पडल्या पडल्या ओढून बाहेरच्या टाकीत पाठवतात. ही टाकी म्हणजे तांब्या. उंच, अरुंद. टाकीच्या तळातून तिसरा पंप तेल घेतो आणि बेअरिंगला देतो. गाडी कितीही गरगर फिरो, टाकीच्या तळाशी तेल असणारच. चेंबरमधून ओढणारे पंप मोठे ठेवायचे, कारण त्यांना तेलाबरोबर हवाही ओढावी लागते. तो सगळा फेस टाकीत वरून, कडेनं, तिरका सोडायचा, म्हणजे तेल भिंतीला धरून गोल फिरत खाली उतरतं. जड तेल बाहेर राहतं, हलकी हवा मधून वर निघून जाते. टाकीच्या डोक्यावर हवा जायला एक नळी. चेंबर उथळ झालं की इंजिन आणखी खाली बसवता येतं, आणि गाडी वळणाला घट्ट बसते, तो फायदा वेगळा.

वडिलांना हे सगळं समजलं, पण पटलं नाही. "तेल इंजिनाच्या पोटात असतं. बाहेर टाकीत ठेवून काय करायचं? जेवण पोटात ठेवतात की डब्यात?"

"डब्यातूनच पोटात जातं ना, आबा."

"तू वकिलीला जायचंस."

रात्रीच्या जेवणाला यजमानांचा फोन आला. ते म्हणाले, आमच्या जहाजाच्या इंजिनाचं तेल खालच्या वेगळ्या टाकीतच असतं, त्यात नवीन काही नाही. जावयानं सांगितल्यावर मग वडिलांनी मान हलवली. दिवसभर नात सांगत होती ते जमेला धरलं नाही, आणि जावयाचं एक वाक्य पुरलं. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मासा खा."

त्या वर्षी तिनं टाकी स्वतः बनवली. अॅल्युमिनियमचा पत्रा वळवून, आमच्याच वर्कशॉपमध्ये. पहिली टाकी वेल्डिंगला वाकली. दुसरी गळली. तिसरीत पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली, सकाळी कागद कोरडा होता. मी तिच्या कामात हात घातला नाही. फक्त एकदा, ती नळीचा क्लॅम्प आवळत होती तेव्हा तो उलटा बसवल्याचं सांगितलं. वळली, बघितलं, बदलला. आभार वगैरे काही नाही. मला हे बरं वाटतं. आभार मानणाऱ्या माणसांची चूक पुन्हा दाखवताना अवघड होतं.

इंजिन एकच होतं. कुठल्याशा अपघातात गेलेल्या मोटरसायकलचं मिळवलेलं. दुसरं मिळणार नव्हतं. त्यांच्या सरांनी सांगून ठेवलं होतं: गाडी आधी इथे, कॉलेजच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, दहा फेऱ्या डावीकडून आणि दहा उजवीकडून गोल फिरवून दाखवा. तेलाचा दाब एकदाही पडला नाही तर गाडी स्पर्धेला जाईल. पडला तर नाही जाणार. गेल्या वर्षीसारखं इंजिन चारचौघांत जाळून कॉलेजचं नाव घालवायचं नाही. मुलीचं शेवटचं वर्ष. ही परीक्षा नापास झाली तर ती जळकी बेअरिंग आयुष्यभर तिच्या नावावर राहणार होती.

गणपतीची सुट्टी लागली, कॉलेजचं वर्कशॉप बंद झालं, म्हणून गाडी टेम्पोत घालून आमच्याकडे आणली. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तिनं आणि तिच्या दोघी मैत्रिणींनी इंजिन जोडून चालू केलं. तेल मोजून साडेतीन लिटर घातलं आणि वहीत लिहिलं. इंजिन गरम झाल्यावर, ते चालू असतानाच, टाकीचं झाकण उघडून काडी घातली. तेल बरोबर खुणेवर. तेव्हा तिनं मला आणि वडिलांना समोर उभं करून सांगितलं होतं: "ह्याचं तेल थंड असताना बघायचं नसतं. बंद पडल्यावर टाकीतलं तेल पंपांच्या फटींतून हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते. पण तेल कुठे गेलेलं नसतं. कळलं?"

कळलं, असं मी म्हणाले होते. आणि कळलंही होतं.

मग गणपती आले, गौरी आल्या, पाच दिवस गाडी ताडपत्रीखाली तशीच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर चाचणी.

मी सहाला उठले. सवयीनं वर्कशॉप उघडलं. माझी सकाळ कशी असते ते सांगायला हवं. मी दहा वर्षांची असल्यापासून वडिलांनी एक शिस्त लावली आहे: वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक इंजिनाची काडी बघायची, मगच चहा. इंजिन थंड, रात्रभर उभं, सगळं तेल खाली उतरलेलं, म्हणजे माप अचूक मिळतं. ओढायची, पुसायची, पुन्हा घालायची, ओढायची, बघायची. चाळीस वर्षं हे चाललं आहे. ताप असताना केलंय, मुलगी पोटात असताना केलंय. त्या सकाळी दोन नौकांची इंजिनं होती. दोन्ही बघितली. तिसरी ताडपत्री उचलली, टाकीचं झाकण उघडलं, काडी ओढली.

कोरडी. टोकाला जेमतेम ओल.

मला आधी भीती वाटली, मग राग आला, मग तिची कणव आली. पोरगीनं कशासाठी तरी तेल काढलं आणि आरत्यांच्या, पाहुण्यांच्या गडबडीत परत भरायचंच विसरली. आज सरांसमोर काडी काढेल आणि सगळ्यांना दिसेल. तेलवाली पुन्हा तेल विसरली. तिला उठवून सांगावं असं मनात आलं, पण परीक्षेच्या सकाळी पोराला चूक दाखवू नये. तिचाच डबा बाजूला होता, तिनं घातलं तेच तेल. मी हळूहळू ओतलं. सव्वा लिटर गेलं तेव्हा काडी खुणेला आली. मी झाकण लावलं, ओघळ पुसला, डबा होता तिथे ठेवला. आणि मला मनातून छान वाटलं, कारण घरच्या मोठ्या माणसाच्या हातचं तेलही गेलं होतं. मग चहा घेतला.

तिनं सांगितलेलं त्या वेळी डोक्यात कुठे होतं, मला माहीत नाही. कानानं ऐकलेलं एकदाच ऐकलं होतं. हातानं केलेलं चाळीस वर्षांचं होतं.

सड्यावर आम्ही सगळे गेलो. वडीलही. टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून, गाडी त्यांनीच बनवल्यासारखे. सड्यावर गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, पण कॉलेजनं मध्ये डांबरी चौक करून ठेवलाय, तिथे प्लॅस्टिकच्या शंकूंचं रिंगण मांडलेलं होतं. सर हातात वही घेऊन उभे. पश्चिमेकडून ढग येत होते, सर सारखे तिकडे बघत होते. "उरका. पाऊस आला तर पुढच्या आठवड्यावर जाईल." म्हणून इंजिन गरम झाल्यावर काडी बघायची ती मुलीनं बघितली नाही. पाच दिवसांपूर्वी बरोबर होतं, मधे कोणी हात लावलेला नाही, असं तिनं धरलं.

हेल्मेट घालून ती आत बसली. चार फेऱ्या छान झाल्या. तो आवाज नौकेच्या इंजिनासारखा नसतो, मधमाश्यांच्या पोळ्याला काठी लागल्यासारखा असतो. पाचव्या फेरीला गाडीच्या मागून पांढरा-निळा धूर निघाला. आधी रेघ, मग ढगच. दोन मुली अग्निशामक घेऊन धावल्या. माझ्या हातात वड्यांचा डबा होता, तो घेऊन मीही धावले. कशाला, ते विचारू नये.

मुलीनं इंजिन बंद केलं. बाहेर आली, हेल्मेट काढलं. तिचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, कागदात गुंडाळलेला तुकडा घेऊन घरी आली तेव्हा. सर जवळ आले.

"झालं? परत तेच?"

ती गुडघ्यावर बसली आणि पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. ते अडखळलं नाही. लोण्यासारखं फिरलं. तिनं पुन्हा फिरवलं. मग मागे बघितलं. टाकीच्या डोक्यावरच्या हवेच्या नळीतून तेल बाहेर आलं होतं, नळीखालचा छोटा डबा भरून वाहत होता, आणि ते तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडून जळत होतं. इंजिनाला काहीच झालं नव्हतं.

"सर, जळलेलं नाही. तेल जास्त झालंय."

"जास्त? तूच मोजून घातलंस ना?"

तिनं खालचा बूच काढून सगळं तेल मापाच्या बरणीत काढलं. टाकीतलं, चेंबरमधलं, बाहेरच्या डब्यातलं. वही उघडली. "साडेतीन घातलं होतं. सव्वाचार निघालंय. आणि उरलेलं जमिनीवर आहे. तेल वाढलं कसं?"

"तेल काय गाभण राहतं का?" सर म्हणाले. मुलं हसली. मुलगी हसली नाही. ती बरणीकडे बघत होती, आणि मग सावकाश तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मी इंजिनं बघते आहे. बिघाड सापडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे.

गप्प राहता आलं असतं. सरांनी वहीत तिची मापाची चूक म्हणून लिहिलं असतं.

"मी घातलं," मी म्हणाले. "सकाळी काडी बघितली. कोरडी होती. सव्वा लिटर घातलं."

मग वडील टेम्पोतून ओरडले, "आमच्याकडे निघताना घालतातच!"

"कपभर घालतात, आबा!" मुलगी त्यांच्यावर ओरडली. "सव्वा लिटर नाही!" मग माझ्याकडे वळली. "मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"तू कळलं म्हणालीस."

"म्हणाले."

"मग?"

"हात गेला," मी म्हणाले. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

तिनं कॉटन वेस्टचा, पुसायच्या सुताचा, गठ्ठा माझ्या पायाशी टाकला. "आता पूस. सायलेन्सर आधी. चटका बसेल, सांभाळून."

मी पुसलं. पदर खोचून, गुडघ्यांवर बसून, सायलेन्सर, चौकट, डांबरावरचं थारोळंसुद्धा. सर म्हणाले, "काकू, मुलं करतील." मी म्हटलं, "मुलांनी सांडलेलं नाही." ते ढगांकडे बघायचे थांबले आणि वडा घेतला. पाऊसही सड्याच्या बाजूनं तसाच निघून गेला, वाटेत चार थेंब टाकून.

तिनं तेल गाळून मोजून साडेतीन लिटर परत घातलं. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. मग मला हाक मारली. "आई, इकडे ये. बघ."

टाकीचं झाकण उघडं होतं. आत तेल फिरत होतं. कडेच्या नळीतून फेसाळ, दुधट रंगाचं आत येत होतं, भिंतीला धरून गोल गोल उतरत होतं, आणि खाली जाता जाता त्यातला फेस मरत जाऊन ते मधासारखं स्वच्छ होत होतं. ताक घुसळताना रवीभोवती फिरतं तसं. मी आयुष्यभर तेल पाहिलं, पण सगळं काडीच्या टोकावर. इंजिन चालू असताना आत ते काय करतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. नौकेच्या इंजिनाचं झाकण चालू असताना उघडलं तर तोंडावर उडतं.

"काडी घाल," ती म्हणाली.

मी घातली. तेल खुणेवर होतं. अगदी वरच्या रेघेवर.

"कधी बघायचं?"

"चालू असताना. गरम असताना."

"आणि थंड असताना?"

"बघायचं नाही."

"तू बघशील," ती म्हणाली आणि हेल्मेट चढवलं. "मीच चुकले. तू हात लावणार नाहीस असं मी धरलं. तुला ओळखून असायला हवं होतं."

दहा फेऱ्या डावीकडून. दहा उजवीकडून. दाब पडला तर तिच्या समोरचा तांबडा दिवा लागतो. मी रिंगणाच्या आत, शंकूपाशी उभी होते, आणि ती समोरून गेली की फक्त तो दिवा बघत होते. तिच्या हेल्मेटच्या काचेत तो लाल दिसला असता. दिसला नाही. विसाव्या फेरीनंतर सरांनी आकडे बघितले, वही मिटली आणि म्हणाले, "पाठवू." वडिलांनी टेम्पोचा हॉर्न वाजवला. टेम्पोवाला त्यांच्यावर चिडला.

पुढच्या आठवड्यात गाडी स्पर्धेला निघायची होती. निघण्याच्या दिवशी मी आठ वाजता वर्कशॉपमध्ये गेले, तर इंजिन आधीच चालू. मुलगी, तिच्या दोघी मैत्रिणी, वडील दारातल्या खुर्चीत, टेम्पो लागलेला. टाकीवर तिनं एक कागद चिकटवला होता: गरम असताना, चालू असताना. त्याखाली, लहान अक्षरात: आई, तूसुद्धा.

"ये," ती म्हणाली. "काडी बघ."

मी बघितली. तेल खुणेच्या थोडं खाली. मी तिच्याकडे बघितलं.

"कपभर कमी ठेवलंय," ती म्हणाली. मग चहाचा कप माझ्या हातात दिला. तेल आधीच मोजून घेतलेलं, कपाला आतून पेन्सिलनं रेघ मारलेली. "एवढंच. थेंब जास्त नको."

मी कप वडिलांपुढे धरला. पद्धतीप्रमाणे घरात मोठे ते. त्यांनी आपले थरथरणारे हात पुढे करून बघितले आणि मागे घेतले. "तू घाल. माझ्या हातून सांडेल. आणि मग ही मला पुसायला लावेल."

मी घातलं. फिरणाऱ्या तेलात ते मिसळलं. मी काडी घातली, पुसली, परत घातली. वरच्या रेघेला. झाकण घट्ट लावलं. मुलीनं ते माझ्यामागून पुन्हा आवळून बघितलं, आणि मला त्याचा राग आला नाही.

"चला," मी म्हणाले. "टेम्पोवाला थांबलाय."